मेडिकलवाल्याला डॉक्टर व्हायचं होतं

चाळिशी उलटल्यावर डॉक्टर व्हायचं ठरवणारा माणूस फार जिद्दीचा असतो, असं लोकांना वाटतं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर गणपतीत माईकवरून माझं कौतुक केलं आणि शाल-नारळ हातात दिला. टाळ्या वाजत होत्या आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. खरं कारण कळलं असतं, तर त्यांनी शाल तिथल्या तिथे काढून घेतली असती.

मी भाईंदर पश्चिमेला एका मेडिकलमध्ये अठरा वर्षं काउंटरवर होतो. दुकान सेठचं, पण भिंतीवरच्या फ्रेममधलं फार्मसिस्टचं सर्टिफिकेट माझं. उत्तन, डोंगरी, राईकडे जाणाऱ्या बसचा स्टॉप जवळच होता, त्यामुळे गावातली माणसं बाजार उरकून आमच्याकडे यायची. यातली निम्मी गिऱ्हाईकं चिठ्ठी आणत नसत. कुठं दुखतंय ते सांगायची आणि मी मागच्या खणातून गोळी काढून द्यायचो. रक्त तपासलं की रिपोर्टचं पाकीट डॉक्टरच्या आधी माझ्यापुढे धरायची. डॉक्टरकडे रांगेत अर्धा दिवस जातो आणि डॉक्टर रागावतो. मी रागवायचो नाही. गिऱ्हाइकावर रागावून दुकान चालत नाही.

मावशी त्यांतलीच. साठीची असेल. उत्तनहून मासळी घेऊन यायची, दुपारपर्यंत मार्केटात पाटावर बसायची आणि टोपली रिकामी झाली की गुडघे दाबत आमच्या पायरीवर टेकायची. सेठ नाक मुरडायचा. मावशी त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. "डाक्टर, ती माझी लाल गोळी दे," म्हणायची. कधी कागदात बांधून सुका जवळा आणायची. अंगदुखीच्या त्या गोळ्यांची पहिली स्ट्रिप मीच दिली होती, पाच दिवसांसाठी. ती सहा वर्षं चालली.

ती डॉक्टर म्हणायची ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? बारावीला मेडिकल थोडक्यात हुकलं होतं. वडिलांनी डिप्लोमाला घातलं आणि तो विषय आमच्या घरात कायमचा संपला. माझ्यात नव्हता संपला. कोणी डॉक्टर म्हटलं की मी जरा ताठ उभा राहायचो आणि डॉक्टरसारखा 'हं' करायचो. आता तो 'हं' आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

एके दिवशी तिने रिपोर्ट आणला. पाय सुजले होते म्हणून मुलाने रक्त तपासून घेतलं होतं. क्रिएटिनिनचा आकडा मी दोनदा बघितला. किडन्या बिघडत चालल्या होत्या. अंगदुखीच्या त्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या की हे होऊ शकतं, एवढं डिप्लोमाच्या पोरालाही शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

"काय हाय?" तिने विचारलं.

"थोडं वाढलंय. किडनीच्या डॉक्टरला दाखवा."

"मुलानं नंबर लावलाय. तो इचारल ना, काय गोळ्या खातेस म्हणून. काय सांगू?"

माझी नजर भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली. चिठ्ठीशिवाय सहा वर्षं दिलेल्या गोळ्या, डॉक्टरने तक्रार केली तर काय, हे सगळं क्षणात डोक्यात येऊन गेलं. आणि मी म्हणालो, "अंगदुखीची गोळी म्हणजे काय औषध थोडंच आहे? ते कशाला सांगायचं?"

तिने मान हलवली. माझ्यावर तिचा पूर्ण भरवसा होता. त्या दिवशीही तिने स्ट्रिप मागितली. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. मी दिली.

पुढचे चार महिने ती येत राहिली आणि मी देत राहिलो. मग यायची बंद झाली. एकदा तिचा मुलगा फाइल घेऊन आला. तो बोटीवर जातो, रोखठोक माणूस. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणाला. "डॉक्टर सारखं इचारतो, कशानं झालं. शुगर न्हाय, बीपी न्हाय. आम्हाला काय म्हाईत?" मी फाइल चाळली, इंजेक्शनं दिली, सुटे पैसे परत केले.

त्यानंतर पंधरा दिवसांत मी बायकोला सांगितलं की मी मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा देणार. वयाची अट आता राहिलेली नाही, बारावीला सायन्स होतं, सगळं बसत होतं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"आणि कॉलेज मिळालं की साडेपाच वर्षं आम्ही काय करायचं?" तिने विचारलं. ती मीरा रोडला एका शाळेत क्लार्क आहे. घर तिच्या पगारावर ओढावं लागणार होतं. मग तिला मावशीचं सगळं सांगितलं. तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली आणि म्हणाली, "तुम्ही डॉक्टर झालात तर त्या बाईला काय मिळणार?"

मी चिडलो. मोठमोठ्याने बोललो, शिकलो असतो तर असं झालंच नसतं, म्हणालो. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. तुम्ही शिकलेलेच होता." मी दुसऱ्या दिवशी क्लासला नाव घातलं.

क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिरलो तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, नवे सर. सेठ हसून हसून लाल झाला: "अरे, रिटायर होने के टाइम पे दवाखाना खोलेगा क्या?" मी दुपारी काउंटरखाली पुस्तक ठेवून वाचायचो. भौतिकशास्त्र डोक्यावरून जायचं. पण उत्सर्जनाचा, म्हणजे किडनीचा धडा आला तेव्हा मी तीन दिवस पान उलटू शकलो नाही. पोरं त्या धड्याच्या आकृत्या काढत होती, मार्क देणारा धडा म्हणून खूश होती. मी तिथे बसून विचार करत होतो की या परीक्षेत मी पास झालो, तर मला पुन्हा कोणी तरी डॉक्टर म्हणेल. आणि मी पुन्हा 'हं' करेन.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी उत्तनची बस पकडली.

मावशी ओट्यावर खाटेवर पडली होती. समोर बोंबील वाळत घातले होते. हाताच्या नसा डायलिसिसच्या सुयांनी फुगून वर आल्या होत्या. मला बघून उठून बसली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. "डाक्टर, बरा आलास. कालचा रिपोर्ट बघ. त्या हास्पिटलवाल्यांचं मला काय समजत न्हाय." पिशवीतून कागद काढून तिने माझ्या हातात दिला. "तू परीक्षेला बसतोयस, मुलानं तुझ्या दुकानात ऐकून सांगितलं. मी चर्चात मेणबत्ती लावायला सांगितली तुझ्यासाठी."

मी तो रिपोर्ट न वाचताच सगळं सांगितलं. गोळ्यांनी झालं. तुम्ही तो पहिला रिपोर्ट दाखवलात त्याच दिवशी मला कळलं होतं. डॉक्टरला सांगू नका म्हणालो ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. त्यानंतरही चार महिने दिल्या. तेव्हाच थांबवल्या असत्या, तर कदाचित ही सुई टळली असती. मी एका दमात बोललो, कारण मध्ये थांबलो असतो तर पुढचं बोललो नसतो. सून चहा घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहिली.

मावशी रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिच्या शिव्या अख्ख्या मार्केटात प्रसिद्ध आहेत. त्यातली एखादी आली असती तर बरं वाटलं असतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी. मग हात पुढे केला.

"कागद दे," ती म्हणाली.

मी दिला. तिने त्याची नीट घडी घातली आणि पिशवी उशाशी ओढून घेतली.

"परीक्षेला जा. लावलेली मेणबत्ती मी काय इझवणार न्हाय," ती म्हणाली. "पन आता माझे कागद तू वाचू नको."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. सुनेने चहा आत नेला आणि मी बसस्टॉपकडे चालू लागलो.