पत्रिकेची पर्स

चार बायका आणि एक कात्री एकत्र आल्या की किस्से घरातल्या केरासारखे साठतात. केर निदान झाडून टाकता येतो.

विद्यानगरात नलिनीअक्कांच्या व्हरांड्यात आम्ही बुधवारी जमतो. पर्सचं रेक्झिन सोललं तरी फेकायची नाही. घासायची, वर नक्षीचा कागद चिकटवायचा, कडेनं मणी ओवायचे, वॉर्निश मारायचं. "घरी केलीय हं," असं मी मिरवत सांगते आणि मग मान खाली घालून घरी येते.

*

नलिनीअक्का रिटायर्ड टीचर. बाजारचा गोंद त्यांना चालत नाही. "आमच्या अप्पांनी आयुष्यभर पुस्तकं मैद्याच्या खळीनं चिकटवली," म्हणाल्या. आम्हीही खळच केली.

ती पर्स घेऊन मी भाचीच्या साखरपुड्याला गेले. विहीणबाईंच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं बघते तर मुंग्यांची रांग माझ्या पर्समधून निघून थेट त्यांच्या साडीवर!

"पर्समध्ये काही गोड आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, पर्सच गोड आहे," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

मुंग्या-किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायचा असतो, हे अक्कांना दुसऱ्या दिवशी आठवलं.

*

नक्षीचा कागद महाग. पण लग्नपत्रिकांचा ढीग प्रत्येकीच्या घरी असतोच. वर देव असतो, टाकवत नाहीत. मी एका पत्रिकेवरचा सोनेरी गणपती कापून पर्सवर मधोमध लावला.

धारवाडला एका मुंजीत पंगतीला बसले आणि पर्स पायाशी ठेवली. शेजारच्या आजी ओरडल्या, "अय्यो, गणपती पायाशी?" मी घाईनं मांडीवर घेतली. ती घसरायला लागली, म्हणून डाव्या हातानं उचलून धरली आणि तशीच जेवत राहिले.

वाढपी जिलबी घेऊन आला. "अक्का, आधी देवाला वाढू का?"

तेव्हापासून आमचा नियम झाला. देवाची पत्रिका घ्यायची नाही. मोर, कमळं, वेली चालतील.

*

सुमती आमच्यातलीच. तिची मुलगी पूर्वा सासरहून कायमची परत आली, घटस्फोटाची केस सुरू झाली, आणि सुमतीनं बुधवारी येणं बंद केलं. तिची जुनी मोठी पर्स व्हरांड्यातच पडून होती. ती नवी करून द्यायची आणि तिला परत आणायचं, असं आम्ही ठरवलं.

ढिगातून मी मरून कागद काढला, सोनेरी मोराचा. नावांचं पान केव्हाच रद्दीत गेलेलं. देव नाही ना, एवढंच बघितलं. पिसाऱ्यावर एकेक मणी शिवला.

नलिनीअक्का आणि मी तिच्या घरी गेलो. सुमतीनं पर्स मांडीवर घेतली आणि पिसाऱ्यावरून हात फिरवला.

"हा कागद मीच निवडला होता," ती म्हणाली. "पूर्वाच्या पत्रिकेला."

त्या लग्नात आम्ही दोघी दोन्ही वेळ जेवलो होतो. फोटोतही आहोत. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"दे गं इकडे," मी हात पुढे केला. "दुसरी करते."

पूर्वा चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे ठेवला, आईच्या मांडीवरची पर्स उचलली, चेन उघडून आत बघितलं.

"काकू, राहू दे ही. उद्या कोर्टात जायचंय, फाईल मावेल यात."