आप्पांची पिस्ता जोडी

जुनी यंत्रं जमवणाऱ्या माणसांच्या संगतीत राहिलं की घरात दोन गोष्टी साचतात. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगार बायको कधी ना कधी काढून टाकते, किस्से मात्र कुणी फुकटसुद्धा नेत नाही! म्हणून आज तुमच्या गळ्यात मारतोय.

आमची टोळी तिघांची. मी शाळामास्तर, आता रिटायर. रंगराव मोटर रिवाइंडिंगवाला, त्याला जुन्या टेबलफॅनचा नाद. आणि उचगावचे आप्पा. आप्पा वारणानगरला कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना आणि मला एकच खूळ, जुनी वॉशिंग मशीनं!

आमच्यात दोन नियम. आणलेली वस्तू शोभेला ठेवायची नाही, वापरायची. आणि जिथं जाऊ तिथं ज्याचा हात आधी पडेल, वस्तू त्याची. त्यावर भांडण नाही.

या दुसऱ्या नियमानंच माझा घात केला.

*

राधानगरीला एक बंगला रिकामा होत होता. मालक इंजिनियर, कधीकाळी परदेशात राहून आलेले. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं सामान काढायला घेतलेलं. आप्पा आणि मी एसटीनं गेलो.

मागच्या पडवीत दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी होती. एक कपडे धुणारं, एक गरम हवेनं वाळवणारं. एकाच कंपनीची, एकाच उंचीची, दोन्ही फिक्या पिस्ता रंगाची. गोल कोपरे, पुढं काचेचं दार. मी आयुष्यात असली जोडी बघितली नव्हती. माझा हात पुढं जाणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "आधी च्या घ्या की पावणं."

आता चहाला नाही कसं म्हणायचं? मी वळलो, चप्पल काढली, आत जाऊन बसलो.

आप्पा बाहेरूनच म्हणाले, "मी च्या पीत न्हाय, आक्का."

दिवसाला आठ कप पिणारा माणूस!

मी कप घेऊन पळत बाहेर आलो तर आप्पांचा एक हात वॉशरवर, दुसरा ड्रायरच्या आत. ड्रायरमध्ये कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिनं आप्पांच्या मनगटाला अशी टोच मारली की रक्त आलं. पण आप्पांनी हात काढला नाही!

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी निवांत प्या. गडबड न्हाय."

*

सांगून टाकतो, मला ती जोडी हवी होती. माझ्याकडं निळं एकटं वॉशर होतं, चांगलं चालणारं. पण त्या दिवसापासून ते मला विधुरासारखं दिसायला लागलं.

*

आप्पांनी जोडी दुरुस्त केली आणि मुहूर्त धरला खंडेनवमीचा. त्या दिवशी आपण यंत्रांची पूजा करतोच. मंगलवहिनींनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, दोन्ही मशीनना हळदीकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. नारळ फुटला. आप्पांनी आपले पांढरे शर्ट वॉशरमध्ये टाकले आणि आम्ही तिघं खुर्च्या टाकून काचेच्या दारापुढं बसलो.

थोड्या वेळानं फेस लालसर दिसायला लागला.

"वहिनी, हळद कुठं कुठं लावलासा?" रंगरावनं विचारलं.

"आत पण लावलीया की मूठभर. काम तर आतच हुतंय न्हवं?"

हळदीला साबण लागला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. सगळे शर्ट डागाळून बाहेर आले. रंगराव म्हणाला, "आप्पा, ह्या वयात हळद लागली, पोरीकडचं कोण?"

मला इतका आनंद झाला की मी जेवताना बासुंदी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चौकशीला फोन केला. वहिनी म्हणाल्या, "उनात घातलं, सगळी हळद उडून गेली. पयल्यापेक्षा पांढरं झाल्यात बघा!"

दोनदा मागून घेतलेली बासुंदी मला तेव्हा बाधली.

*

आमच्याकडं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. हॉलभर दोऱ्या बांधलेल्या, जेवताना कुणाची तरी ओली बाही डोक्याला लागणार. माझं निळं वॉशर धुवायचं झकास, पण पुढं काय?

एक दिवस घरी आलो तर दोऱ्या रिकाम्या. बायको नाही, बादल्या नाहीत. तासाभरानं रिक्षातून उतरली. हातात घड्या घातलेल्या कपड्यांचं गाठोडं.

"कुठं गेलतीस?"

"उचगावला. आप्पा भावजींच्या ड्रायरला. हे बघा टॉवेल, किती मऊ! आणि गरम गरम!"

असं म्हणून तिनं टॉवेल गालाला लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्या मशीनचं तिनं असं कौतुक केलेलं मला आठवत नाही. गाठोड्यात माझे बनियनसुद्धा होते. माझे बनियन, आप्पांच्या ड्रायरमध्ये!

मी त्या दिवशी ओलाच बनियन घातला. तीन दिवस शिंकत होतो.

*

शेवटी मीही जिद्दीला पेटलो. एका भंगारवाल्याकडं एक ड्रायर मिळाला. पांढरा, दुसऱ्याच कंपनीचा, माझ्या वॉशरपेक्षा वीतभर उंच. म्हटलं, उंचीचं काय एवढं! दोन्ही मशीनं स्कूटरच्या गॅरेजात नेली, पिस्ता रंग मारून घेतला, शेजारी शेजारी मांडली आणि टोळीला पोह्यांना बोलावलं.

रंगरावनं एकदा वॉशरकडं, एकदा ड्रायरकडं बघितलं. मग म्हणाला, "मास्तर, नवरा एका लग्नातला आणि नवरी दुसऱ्यातली, असा फोटो वाटालाय!"

ते मी सहन केलं. पण आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं हाय की, मास्तर. चांगलं हाय."

टिंगल केली असती तर चाललं असतं हो!

*

मध्ये एकदा आप्पांचा ड्रायर बंद पडला. मी डझनभर केळी घेऊन भेटायला गेलो, आजारी माणसाला जातात तसा. तोंड होता होईल तेवढं गंभीर ठेवलं होतं. "जुन्या वस्तू, आप्पा. कधीतरी थांबायच्याच," असं दोन-तीनदा बोललोही.

रंगराव माझ्या आधीच येऊन ड्रायरच्या मागं शिरला होता. त्यानं पट्टा बदलला, बटण दाबलं आणि ड्रायर गुरगुरायला लागला. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "भावजी, मशीन सुरू झालं आणि तुमचं तोंड का बंद पडलं?"

*

आणि आता हा शेवटचा. यंदाचाच.

आप्पांच्या मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना कायमचं बोलावलं. फ्लॅटच्या बाल्कनीत सूनबाईंचं नवं मशीन. जोडीला जागा नाही. मला हे कळलं त्या दिवशी मी वाईट वाटल्याचं दाखवलं, आणि आप्पा जाणार म्हणून थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू. पण आतून काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल.

आप्पांचा फोन आला, "मास्तर, रविवारी टेम्पो घेऊन या."

मी काय काय केलं सांगू? रंगवलेली दोन्ही मशीनं भंगारात घातली. इलेक्ट्रिशियन बोलावून शेजारी शेजारी दोन प्लग बसवून घेतले. बायकोनं कोपरा धुऊन काढला. जाताना झेंडूच्या दोन माळा घेतल्या, एकाच मापाच्या.

उचगावला पोचलो तर अंगणात दुसरा एक टेम्पो उभा. त्याच्याजवळ रंगराव. त्याच्याकडं वॉशिंग मशीन एकही नव्हतं, त्याला कधी हवंही नव्हतं.

आप्पा खांद्यावरच्या टॉवेलनं मशीनं पुसत होते. वर न बघता म्हणाले, "वॉशर तुमी न्या, मास्तर. ड्रायर रंगा नेईल."

मी माळा सावरत पुढं झालो. "आप्पा, अहो, जोडी आहे ती! फोडू नका. पाया पडतो तुमच्या."

रंगरावलाही माझी दया आली. "आप्पा, मला फॅन सोडून काय कळतंय? दोन्ही मास्तरलाच द्या की."

आप्पा मशीन पुसत राहिले. दारातून मंगलवहिनीच म्हणाल्या, "आठ दिस झालं मी हेच सांगालोय, भावजी. तर म्हणत्यात, जोडी माझ्याच घरात हुती, आता दुसऱ्याच्यात झालेली मला बघवायची न्हाय!"

आप्पांनी ते ऐकलं. टॉवेल झटकला आणि वॉशर उचलायची खूण केली.

वॉशर माझ्या टेम्पोत चढलं. मागं बरीच मोकळी जागा उरली. माझ्या ड्रायव्हरनं ती बघितली, अंगणातला ड्रायर बघितला आणि अगदी साध्या मनानं म्हणाला, "पावणं, दुसरा टेम्पो कशाला? दोन्ही ह्याच गाडीत बसत्यात की."

"न्हाय बसत!" आप्पा म्हणाले.

आणि माझा टेम्पो वळणापलीकडं जाईपर्यंत दोन्ही हात पसरून ते ड्रायरच्या पुढं उभे राहिले.