ओरडली कावून नाई?

गुलाब फुंडेचं डोकं त्या दिवशी असं तापलं होतं, की मरोद्याच्या वळणावर एका सायकलवाल्यालाही त्यानं उगाच शिवी हासडली. मोटारसायकल अंगणात लावली तीही आपटून. आणि का तापू नये? ज्या माणसाची हयात क्रेनखाली गेली, त्याला त्याच्याच पोरीनं मोबाइलवर हात जोडून समज द्यावी?

आधी गुलाब कोण ते सांगतो. गोंदियाकडचा, शेतकऱ्याघरचा. मिसरूड फुटायच्या वयात भिलाईत आला आणि एका खाजगी कारखान्यात खलाशी झाला. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. लोखंडी प्लेटांना साखळ्या बांधून वरच्या क्रेनवाल्याला खालून हाक देणारा. 'हाबिस' म्हटलं की माल वर, 'आरिया' म्हटलं की खाली. हे सगळं त्याला शिकवलं उतईच्या सुखराम उस्तादानं, आणि शिकवलं ते शिव्या घालून. पोरगा टांगलेल्या मालाखाली दिसला, की सुखराम अख्खी शेड दणाणून सोडायचा, "मरबे का रे!" वर सात पिढ्यांचा उद्धार. मग शिवी खाल्लेल्यानं चहा आणायचा आणि दोघांनी एकाच बाकावर बसून प्यायचा. शेडचा कायदाच होता तो. चूक दिसली की तिथंच ओरडायचं, चहाबरोबर ती गिळायची, गेटाबाहेर न्यायची नाही. सुखराम म्हातारा होऊन गेला, पण त्याच्या हाताखालचं एकही पोरगं मालाखाली आलं नाही.

आता शेडमध्ये कोणी ओरडत नाही. नवे इंजिनियर सगळ्यांना 'जी' लावतात. चुकलं तर 'फीडबॅक', भांडण झालं तर 'डिस्कशन', आणि जीव जाता जाता वाचला तर 'जेंटल रिमाइंडर'. मेली गोड बोलून गळा कापणारी जात, असं गुलाब चारचौघांत म्हणायचा. मात्र यंदा त्याची दिपाली त्याच शेडला इंजिनियर म्हणून लागली, तेव्हा बाप गल्लीभर पेढे वाटत फिरला. शेडमध्ये ती त्याला 'गुलाबजी' म्हणायची. तेही त्यानं गोड मानून घेतलं.

आज दुपारी तो घाईत होता. हवी ती साखळी पलीकडे पडलेली. फेरा वाचवायला गडी सरळ टांगलेल्या प्लेटखालून गेला. चूक होती, शंभर टक्के चूक. पलीकडे पोचून वर पाहिलं, तर लोखंडी जिन्यावर दिपाली. तोंड उघडं, हात कठड्यावर. गुलाब थांबला, आता पडते शिवी, म्हणून मान खाली घालून. पोरीनं तोंड मिटलं आणि खिशातून मोबाइल काढला.

चहाच्या वेळी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. "टीम, जेंटल रिमाइंडर, कृपया लोड के नीचे से न गुज़रें. थँक यू." खाली जोडलेले हात. "कका, आपके लिए है," म्हणून क्रेनवाला पीयूष खिदळला, आणि गुलाबनं अर्धा चहा तसाच ओतून दिला.

म्हणून आज त्यानं गेटाचा कायदा मोडला. जन्मात पहिल्यांदा शेड घरात आणली. दिपाली स्वयंपाकघरात कणीक मळत होती, तिची आई मथुरा मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती.

"ओरडली कावून नाई तू?"

"बाबा, मेसेज टाकला ना मी. किसी का नाम भी नहीं लिया."

"मेसेज! डोक्यावर प्लेट पडून राहिली असती, अन् म्या खिशातून चष्मा काढून तुया मेसेज वाचला असता?"

"वर्करवर ओरडलं तर कम्प्लेंट होते. ट्रेनिंगमध्येच सांगतलं आमाले. प्रोटोकॉल है वो."

"चुलीत गेला तुया प्रोटोकॉल! उद्या दुसऱ्या कोणाचं पोट्टं असन तिथं. तू तोंड मिटशीन अन् ते चेंदून जाईन. मंग हात जोडजो त्याच्या मायपुढं!"

दिपालीनं कणकेचा गोळा परातीत आदळला.

"तोंड उघडलं होतं मी, बाबा! आवाजच नाई निघाला. कसा निघन? या घरात काय ऐकलं मी? पोरीच्या जातीनं आवाज चढवू नये. अंगणात हसली तरी डोळे वटारत होते तुमी. ओरडणं शेडमधल्या पोट्ट्यांले शिकवलं. मले चूप राहणं शिकवलं."

गुलाबचा राग काही उतरला नव्हता. फक्त आता तो काढायचा कोणावर, हे त्याला कळेना. खरं तेच बोलली होती पोरगी. आणि उद्या सकाळी तिला पुन्हा त्याच जिन्यावर उभं राहायचं होतं.

"ओरड," तो म्हणाला.

"काय?"

"माह्यावर ओरड. म्या मालाखाली हावो असं समज."

"बाबा, सीन नका ना करू."

"ओरड म्हणतो ना!"

"हटा," ती पुटपुटली.

"हे काय? मांजर हाकलून राहिली का? वर प्लेट हाय, साखळी सुटून राहिली, खाली तुया बाप हाय, अन् तू—"

"ए बाबा! हट तिथून! मरतं का भैताडा!"

मागच्या अंगणात मथुराच्या हातची चादर मातीत पडली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आणि गुलाब, डोक्यावर पंख्याखेरीज काही नसताना, झटकन मागं सरला तो थेट भिंतीला जाऊन टेकला.

मथुरा धावत आली. "काय झालं वं? कोण मेलं?"

कणकेचे हात तोंडावर धरून दिपाली उभी होती. गुलाबनं एकदा तिच्याकडे पाहिलं, फळीवरचं भांडं काढलं आणि ज्या शेगडीला त्यानं कधी हात लावला नव्हता, ती पेटवली.

"कोणी नाई मेलं," तो म्हणाला. "साखर कुठं ठेवतं तू? इंजिनियरबाईले चहा पाजाचा हाय."