बिनपूजेचं इंजिन

नोकरीतल्या बहुतेक घरफोड्या आणि मारामाऱ्या आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गावचा, हे विचारले तर मला सांगता येणार नाही. पण सोलापुरातली एक चोरी मात्र त्या गर्दीत अजून हरवलेली नाही. ती पैशासाठी नव्हती, पोटासाठी नव्हती, आणि चोराने चोरलेल्या मालाची पूजा केली होती. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. संबंधितांची मुलेबाळे आजही त्याच भागात नांदत असतील, म्हणून नावे सांगत नाही. थोरला साडू आणि धाकटा साडू एवढी ओळख पुरे आहे.

सख्खा भाऊ पक्का वैरी म्हणतात. साडूंवर कुणी अशी म्हण का केली नाही, याचे मला नवल वाटते. भावांची तुलना आईबाप करतात, साडूंची तुलना सगळी सासुरवाडी करते, आणि तीही जेवणाच्या पंगतीत बसून.

थोरला साडू कापड गिरणीत फिटर होता. हात कसबी, पण बोलणे फटकळ आणि राग नाकावर. पहिला जावई म्हणून सासरी त्याला मान होता आणि तो मान कुणी विसरलेले त्याला चालत नसे. धाकट्याचे विजेच्या मोटारी भरून देण्याचे दुकान होते. तोही कामात तरबेज, पण त्याच्या जिभेवर साखर. गल्लीतल्या म्हातारीपासून पोरांपर्यंत सगळे त्याच्यावर खूश.

दुधनीकडे एका इनामदाराच्या गोठ्यात एक जुनी विलायती मोटार पडून होती. चार दारांची, पण बांधा शर्यतीच्या गाडीचा. बुटकी, लांब नाकाची. कडब्याखाली दबलेली आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत असलेली. ती प्रथम पाहिली थोरल्याने. पण अंगण मोठे होते धाकट्याचे, म्हणून गाडी उतरली तिथे आणि कागदही झाला धाकट्याच्या नावावर. पुढे दोन-तीन वर्षे सुटीच्या दिवशी दोघे त्या अंगणात काळेकुट्ट होऊन बसत. पत्रा, रंग, वायरिंग धाकट्याकडे. इंजिन थोरल्याकडे.

इंजिनाचा ठोकळा तडकलेला होता. सुटे भाग मिळण्याची आशाच नव्हती. थोरल्याने तडा भरून घेतला, नवे भाग लेथवर कातून बसवले, आणि अखेर ते इंजिन धडधडले. लवकर तापायचे, पण चालायचे. मग तो सुगीसाठी मोडनिंबला आपल्या गावी गेला. परत येऊन पाहतो तर त्याचे इंजिन काढून न्हाणीच्या मोरीशेजारी टाकलेले, आणि गाडीत मोडलेल्या एका टॅक्सीचे छोटे इंजिन बसवलेले. धाकट्याने नवे टेकू करून, जोडणीची पट्टी कातून ते चोख बसवले होते. आरटीओकडे इंजिनाचा नंबरही बदलून घेतला होता.

"अण्णा, तुमचं इंजिन पेट्रोल पितंय का पानी?" गल्लीसमोर धाकटा हसत म्हणाला होता. "भाव काय झालाय बघा की. ह्याच्यात लई फिरनं हुईल."

थोरला एवढेच म्हणाला होता, "वाघाला शेळीचं काळीज बसवलंस." लोक हसले. कुणाला हसले ते सांगणे कठीण आहे, पण थोरल्याने ते आपल्यावर घेतले. त्यानंतर तो मेहुणीच्या घरी यायचा, चहा प्यायचा, पण गाडीकडे पाहायचा नाही.

हे सगळे मला नंतर कळले. माझ्यापुढे प्रथम आली ती धाकट्याची फिर्याद. नवरात्रात तो बायकामुलांसह एसटीने तुळजापूरला दर्शनाला गेला होता; गाडी दसऱ्यालाच बाहेर काढायची होती. संध्याकाळी परतला तर गाडी जागेवर, इंजिन नाही. सासरे दसऱ्याला येणार होते आणि त्यांना त्याच गाडीतून सीमोल्लंघनाला न्यायचे असे त्याने सगळ्या नातलगांत सांगून ठेवले होते.

गुन्हा नोंदवून मी अंगणात गेलो. निळीशार गाडी उभी होती. आमच्या खात्याची जीप रोज सकाळी शिपायांनी ढकलल्याशिवाय जागी होत नसे. खोटे कशाला बोलू, ती गाडी पाहून मलाही बारीकसा हेवा वाटला. गल्लीतले लोक हळहळत होते, पण हळहळीत उत्साह जास्त होता. शेजाऱ्याची चांगली वस्तू गेली की लोक सांत्वनाला जरा लवकरच जमतात.

बॉनेटखाली पाहिले आणि मला थांबावे लागले. चोर ओढाताण करतो, वायरी तोडतो. इथे वायरींची टोके पट्टीने गुंडाळलेली, नळ्यांच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून चिंध्यांचे बोळे, आणि सगळे बोल्ट एका डब्यात तेलात ठेवलेले होते. एवढी काळजी परका माणूस घेत नाही.

शेजाऱ्यांना विचारले, कुणी अनोळखी आले होते का? सगळ्यांचे उत्तर एकच, नाही. पोलिसातल्या नव्या पोरांना मी पुढे नेहमी सांगत असे, अनोळखी कोण आले असे विचारू नका. कोण आले एवढेच विचारा. मी तसे विचारल्यावर समोरची म्हातारी म्हणाली, "कुनीबी न्हाय. अण्णाच तेवडं आलं हुतं की, हातगाडी आन दोन हमाल घिऊन. ते तर नेमीच काय ना काय उचलत असत्यात."

मी धाकट्याकडे पाहिले. तो लगेच हात जोडून म्हणाला, "साहेब, अण्णांचं नाव घेऊ नका. थोरल्या भावासारखे हायेत ते." हे तो जरा मोठ्याने म्हणाला, चार लोकांना ऐकू जाईल असे.

भंगार बाजारात आमच्या हवालदाराचा एक खबऱ्या होता. त्याने चौकशी करून निरोप दिला, तोही नेमका. "साब, इंजन हमारे बाजार में नै आया, आनेवाला भी नै. चोर बेचने कू चुराता. ये तो जलन से चुराया दिखता."

थोरल्याला ठाण्यात बोलावले. बाकावर ताठ बसला.

"त्या दिवशी आला होतात?"

"व्हय. कप्पी माजी हाय. न्हेली."

"कप्पी न्यायला हातगाडी आणि हमाल?"

"साखळीची कप्पी हाय साहेब, लई जड. उचलून बगा येक डाव."

कप्पी खरोखर त्याच्या घरी होती. हमाल शोधले तर दोघेही गावाला गेलेले. झडतीत काही मिळाले नाही. मी त्याला आणखी खोदून विचारले आणि शेवटी सहज म्हणालो, "जाऊ द्या. एव्हाना कुणी घणाने फोडून वितळायलाही टाकले असेल."

तोवर दगडासारखा बसलेला माणूस उसळला. "फोडंल कोन? यंत्र हाय ते!"

चोरीबद्दल राग नाही, फोडण्याबद्दल राग. मी त्याला घरी सोडले आणि हवालदाराला साध्या कपड्यांत त्याच्या मागावर ठेवले.

त्याच संध्याकाळी धाकट्याची बायको ठाण्यात आली. पदर तोंडाशी धरून दाराशीच उभी राहिली. "साहेब, इंजिन गेलं तर जाऊ द्या. दाजींस्नी शिक्षा झाली तर गिरनीतली नोकरी जाईल, अक्काचं घर बसंल. आमी दोगीच भैनी. पुन्हा तिच्या दारात मी कोनत्या तोंडानं जाऊ?" मी म्हणालो, बाई, गुन्हा नोंदवला आहे, तो मला गिळता येत नाही. पण तिचे म्हणणे डोक्यात राहिले. इंजिनापेक्षा मोठी वस्तू या प्रकरणात अडकली होती, आणि ती फक्त तिलाच दिसत होती.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी सोलापुरात गिरणीतल्या यंत्रापासून शिंप्याच्या कात्रीपर्यंत प्रत्येक हत्याराला हळदकुंकू आणि झेंडू मिळतो, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावत नाहीत. ठाण्यातही रायफली पुसून मांडल्या होत्या. बेड्यांनाही हार घातला होता. आरती चालू असताना हवालदार धापा टाकत आला.

"साहेब, त्यो आंगूळ करून, तबक घिऊन सायकलवर निगाला. मला वाटलं देवळात चाललाय. पर होटगी रस्त्याला कडब्याच्या वखारीत गेला आन मोकळं तबक घिऊन भाईर आला. वखारीत कुटला देव, साहेब?"

पंचांना घेऊन आम्ही वखारीत पोचलो. कडब्याच्या पेंढ्यांमागे, पोत्यावर, ते टॅक्सीचे इंजिन नीट बसवलेले होते. त्यावर कुंकवाची बोटे उठलेली, पंख्याला झेंडूची माळ, पुढे फोडलेला नारळ, अजून ओला. नंबर पडताळला, बरोबर होता. पंचांपैकी एकाने नकळत हात जोडले.

थोरल्याला ठाण्यात आणले. नाकबूल करण्यात आता काही अर्थ नव्हता. मी विचारले, "एवढे डोके चालवलेत, मग आज तिथे कशाला गेलात?"

"त्ये इंजिन माजं वैरी हाय, साहेब. माजं मेहनतीचं इंजिन मोरीत टाकून त्येला जागा दिली. दसऱ्याला मामा त्येच्यावर बसून फिरनार, आन समदी म्हननार धाकला जावई हुशार. बघवत नव्हतं मला. झोप न्हाय लागायची." त्याने हाताची बोटे मोडली. मग म्हणाला, "पन यंत्राचा काय गुन्हा? खंडेनवमीला त्येला बिनपूजेचं ठिवायचं? हात धजला न्हाय."

पस्तीस-चाळीस वर्षांच्या माणसाला मी पोरासारखे रडताना पाहिले. त्याचा मत्सर खरा होता आणि ती पूजाही खरी होती.

धाकट्याला बोलावले. मला वाटले तो संतापेल. तो शांत होता. म्हणाला, तक्रार पुढे चालवायची नाही, घरचा गैरसमज होता असा जबाब देतो. अट एकच, उद्या दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी ते इंजिन आपल्या हाताने पुन्हा बसवायचे. मला हा न्याय फार आवडला. इंजिन मी धाकट्याच्या ताब्यात दिले; कोर्टाला अहवाल आणि परवानग्या हे सगळे सुटी संपल्यावर केले. एक घर वाचवले म्हणून खंडेनवमीच्या त्या रात्री मला शांत झोप लागली.

दसऱ्याला धाकट्याने मलाही बोलावले होते. अंगणात अर्धी गल्ली जमलेली. सासरे खुर्चीवर, दोघी बहिणी ओट्यावर. आदल्या दिवशीची पूजा सगळीकडे दिसत होती. दुकानातले यंत्र, शिवणयंत्र, सायकल, जाते, विळी, रिकाम्या पोटाची ती गाडी, सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. थोरला आला, कप्पी टांगली आणि कामाला लागण्याआधी क्षणभर मोरीकडे पाहत उभा राहिला. तिथे त्याचे इंजिन पडलेले होते. त्यावर धूळ होती. दुसरे काही नव्हते.

त्याने बोल्ट आवळायचे पाने हातात घेतले. वैऱ्याचे इंजिन त्याने इतके नीट बसवले की पहिल्याच किल्लीला ते सुरू झाले. टाळ्या पडल्या. धाकट्याने त्याच्या हातात आपट्याची पाने ठेवली आणि आवाज चढवून म्हणाला, "मानसाकडनं चूक हुती. मी अण्णांना माफ केलंय. पोटात काय ठेवलं न्हाय." मग दार उघडून, "मामा, तुमी म्होरं बसा. अण्णा, तुमी मागं बसा की, पोरांच्यात."

पहिला जावई मागे पोरांत बसला. चेहरा पांढराफटक. गाडी वळताना मला धाकट्याचे तोंड दिसले. नोकरीत मी अनेक सुटलेले आरोपी पाहिले, पण जिंकल्याचा इतका आनंद क्वचितच पाहिला.

त्याची बायको फाटकात उभी होती. मी म्हणालो, "त्या जुन्या इंजिनाला तेवढे कुंकू लावायचे राहिले वाटते."

"ऱ्हायलं न्हाय, साहेब. मी तबक घिऊन गेले हुते. ह्यांनी हात धरला. म्हनले, भंगाराला कसलं कुंकू."

थोरल्याची नोकरी वाचली. पण त्यानंतर तो त्या अंगणात गेला नाही आणि बायकोलाही जाऊ दिले नाही. दोघी बहिणी देवळात भेटत, उभ्या उभ्या बोलत आणि आपापल्या वाटेने जात, असे हवालदार सांगायचा. जे वाचवले असे मला वाटले होते, नेमके तेच मोडले होते. मत्सर दोघांनाही होता. एकाने चोरी केली आणि तिला कायद्यात कलम होते. दुसऱ्याने माफी दिली, तिला कुठले कलम लावणार?

पुढे ठाण्यात समेटासाठी अनेक जोड्या आल्या. भाऊ आले, भागीदार आले, शेजारी आले. चुकलेला माणूस खाली मान घालून उभा असे आणि सगळे त्याच्याकडे पाहत. मी मात्र माफ करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागलो.