मागं फिरायची वाट

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही, आणि तेव्हा तर नव्हतंच. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय." बेळगावला इंटिरिअर डिझाइनच्या डिप्लोमाला गेले तेव्हा पहिलं वर्ष नुसते दिवाणखाने काढण्यात गेलं. सोफा इथं, टीपॉय तिथं, खिडकीला पडदा. मी ज्या घरात वाढले तिथं भिंतीला टेकून बसायचं आणि पाहुणा आला की उठून त्याला जागा द्यायची, एवढीच काय ती सजावट. सोफ्याची पाठ किती उंच असावी यावर तासभर व्याख्यान सुरू झालं की टेबलाखाली माझे पाय आपोआप हलायला लागत. शेजारची मुलगी चिडायची, कारण तिची रेघ हलायची.

दुसऱ्या वर्षी प्रदर्शनाची मांडणी हा विषय आला. शिकवणारे सर धारवाडकडचे, मराठी जपून बोलणारे. पहिल्याच तासाला त्यांनी बाकं बाहेर काढायला लावली, फरशीवर खडूनं वळणावळणाची एक वाट आखली आणि आम्हाला तिच्यावरून चालायला सांगितलं.

"खोलीत माणूस बसतो," ते म्हणाले. "प्रदर्शनात माणूस चालतो. तुम्ही त्याला चालवायचं. तो कुठं थांबेल, कुठं वळेल, कुठं कंटाळेल, सगळं आधी ओळखायचं. आणि एक गोष्ट. मागं फिरायची वाट ठेवायची नाही. आत आलेला माणूस शेवटापर्यंत गेला पाहिजे."

बाकीचे एकेकदा चालून बाजूला झाले. मी चालतच राहिले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला 'बस' म्हणायच्या ऐवजी 'चाल' म्हणालं होतं. शेवटी सरांनाच सांगावं लागलं, पुरे आता, फरशी झिजेल.

हे झालं बेळगावचं. घर निपाणीला. ऐंशी सालच्या पुढची ती वर्षं. आप्पा मी लहान असतानाच गेलेले, आणि आई तंबाखूच्या वखारीत कामाला. वखारीत बायका ओळीनं गोणपाटाच्या तरटावर बसायच्या, पदर नाकातोंडाला बांधायच्या आणि तंबाखू चाळायच्या. दर शनिवारी मी एसटीनं घरी यायची. संकेश्वर मागं पडलं की माझी चुळबूळ सुरू व्हायची, आणि नाकात तंबाखूचा वास शिरला की गाव आलं म्हणून कळायचं. घरात पाऊल टाकण्याआधी आईचा खोकला ऐकू यायचा. पूर्वी ती सकाळी उठल्यावर खोकायची. आता बोलता बोलता तिचं वाक्य मधेच तुटायचं आणि ती हातानंच 'थांब' अशी खूण करायची.

"दवाखान्यात चल," असं मी दर आठवड्याला म्हणायची.

"वखारीत कोन खोकत न्हाय त्ये सांग मला," हे तिचं ठरलेलं उत्तर.

मी भांडले, रुसले, एकदा जेवण सोडून बघितलं. तिनं माझ्या वाटणीची भाकरी शेजारणीला देऊन टाकली. एकदा तर सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत तिला नेलं. "उलीसं थांब, कोथिंबीर घेते," म्हणाली आणि पलीकडच्या बोळातून पसार झाली. मी उन्हात उभी. घरी आले तर ही आमटीला फोडणी देतेय. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मला तिचा इतका राग आला होता की रडू फुटलं.

शेवटच्या परीक्षेच्या आधी असं झालं की निपाणीतल्या काही डॉक्टरांनी आणि बायकांच्या संघटनेनं तंबाखूत काम करणाऱ्या बायकांसाठी आरोग्याचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. जागा शाळेच्या हॉलमध्ये. मांडणी फुकटात करून देणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून ते आमच्या सरांकडे आले. सरांनी ते काम मला दिलं. हीच तुझी परीक्षा, म्हणाले, बाहेरचे परीक्षक तिथंच येऊन बघतील. मी यादीवरून नजर फिरवली. धूळ फुप्फुसात कशी जाते त्याची चित्रं, नाकाला कापड कसं बांधावं, आहार. आणि शेवटच्या कप्प्यात एक डॉक्टरीणबाई बसणार, येईल तिची छाती तपासणार.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेकीनं काय केलंय ते बघायला आई येणारच. एकदा आत आली की वळण, मग वळण, मग डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्या पलीकडे बाहेरचं दार. मागं फिरायची वाट नाही. सगळ्यांना वाटत होतं, मी तंबाखू कामगारांसाठी प्रदर्शन करतेय. मी एका बाईसाठी पिंजरा करत होते. चित्रं किती उंचीवर लावायची याचं माप पुस्तकात होतं, पण मी आईच्या डोळ्यांचं घेतलं.

मॉडेल सुंदर झालं, हे मी आजही म्हणते. हॉलमध्ये लाकडी फळ्यांचा उंच चौथरा, चढायला तीन पायऱ्या, वर बेळगावच्या खडेबाजारातून आणलेलं पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं. उंचीनं विषयाला मान येतो, असं सर म्हणाले आणि त्यांनी मॉडेल सगळ्या वर्गाला दाखवलं. मग सुतारानं शाळेच्या हॉलमध्ये ते तसंच्या तसं उभं केलं.

प्रदर्शन उघडलं त्या संध्याकाळी वखारी सुटल्यावर बायका थेट तिकडंच आल्या. पायऱ्यांपाशी थांबल्या. चपला काढल्या, एका ओळीत नीट लावल्या. मग त्यांनी आपल्या तळव्यांकडे बघितलं. दिवसभराच्या तंबाखूनं ते काळेतपकिरी झालेले. वर पांढरं कापड. एकीनं पाऊल टाकलं आणि चटका बसल्यागत मागं घेतलं. मग सगळ्या खालीच उभ्या राहिल्या, माना उंच करून पहिलं चित्र बघितलं, "लई झ्याक केलंय गं पोरीनं," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. काहींनी तर जाताना हात जोडले.

आई सगळ्यांच्या मागं होती. तिचा पायऱ्यांशी आणखी एक जुना हिशेब होता. चिकोडीकडच्या तिच्या लहानपणीच्या गावात कुणी कुठली पायरी चढायची आणि कुणी खालीच थांबायचं, हे जातीनं ठरलेलं असायचं. धम्म स्वीकारून किती वर्षं झालेली. विहाराच्या पायऱ्या ती पळत चढायची. पण अनोळखी पायरी दिसली की आधी तिचे पाय थांबायचे आणि मग ती.

"वर ये की," मी म्हणाले.

"हितनं दिसतंय की सगळं."

"न्हाय दिसत! आत वळणं हायती."

"मग वळणं कशाला केलीस?" एवढं बोलून तिला खोकला आला. पदर तोंडाला लावून ती चालायला लागली.

मी कपाळाला हात लावला. रात्रभर कूस बदलत राहिले. आधी तिचा राग आला, मग त्या पायऱ्यांचा, मग स्वतःचा. अशा पायऱ्यांपुढं थांबलेली माणसं बघत मी लहानाची मोठी झाले होते, आणि संधी मिळाल्यावर मीच तीन पायऱ्या बांधल्या होत्या. सकाळी सरांना म्हणाले, चौथरा काढते.

"आज परीक्षक येणार. मार्क मॉडेलप्रमाणं मिळतात," ते म्हणाले.

"आत कुणी आलंच नाही तर मार्क कशाचे?"

 सर म्हणाले, "परीक्षकांना उत्तर तू द्यायचं, मी नाही." आणि चहाला निघून गेले.

सुताराच्या शिव्या खात फळ्या उपसल्या. पांढरं कापड गुंडाळून कोपऱ्यात फेकलं. वखारीतनं फाटकी पोती मागून आणली, उसवली आणि जमिनीवर अंथरली. दाराशी एक तुकडा कमी पडला तेव्हा धावत घरी जाऊन आईचं बसायचं तरट आणलं. सुट्टीचा दिवस म्हणून ते घरी होतं. दुसऱ्या बायकांच्या तरटात मिसळू नये म्हणून तिनं त्याच्या कोपऱ्याला निळ्या लुगड्याचं ठिगळ लावलेलं.

दुपारी बायका आल्या. दारात तरट बघितलं आणि चपलांसकट सरळ आत शिरल्या. त्यांच्या बोलण्यानं हॉल घुमायला लागला. आनंदानं मी नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. इतक्यात दारात आई.

"माझं तरट कुनी आनलं गं पायाखाली?" ती ओरडली आणि ते उचलायला आत आली.

"परत जाताना घे. आत्ता लोक चालत्यात त्यावर."

मागनं बायकांचा लोंढा आला आणि आई पुढं ढकलली गेली. पहिलं वळण. दुसरं. मी हॉलला वळसा घालून बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिच्याबरोबर शिरलेल्या बायका एकेक करून तपासून बाहेर आल्या. आई नाही. आणि मग मला आठवलं. चित्रांच्या फळ्या आणि भिंत यांच्यामध्ये मी एक अरुंद फट ठेवली होती, वायरमनला दिव्यांपर्यंत जाता यावं म्हणून. नकाशात ती कुणाच्या लक्षातही येत नव्हती.

पळत मागं गेले आणि फटीत शिरले. समोरून आई येत होती, अंग चोरून.

"सर की बाजूला."

"न्हाय सरत."

"वाट हाय की हितनं."

"वायरमनसाठी ठेवलीया ती."

"वायरमनला चालती आन मला न्हाय व्हय?" ती म्हणाली आणि तिला उबळ आली. भिंतीला हात लावून ती खोकत राहिली. त्या फटीत तिला धड वाकताही येत नव्हतं. खोकला थांबल्यावर तिचा आवाज अगदी खाली आला. "तपासलं की काय म्हननार त्ये ठाव हाय मला. काम सोड म्हननार. सोडलं की तू शाळा सोडून येनार घरला, तंबाकू चाळाय. म्हून न्हाय जात मी. तू पास हो, मग सोडते."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती भित्री आहे, हट्टी आहे.  मी म्हणाले, "आई, परीक्षा आजच हाय. ह्ये सगळं म्हंजेच परीक्षा हाय."

"ह्ये? ही तरटं आन चित्रं?"

"व्हय."

"आन परीक्षा घेनारा साहेब?"

"येतोय आत्ता."

"मग हितं फटीत काय करतीस? जा की!"

"तू रांगेत बसल्याबिगार न्हाय जायची."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझं मनगट धरलं. "चल. तू बी बस. न्हायतर मला बसवशील आन जाशील हुंदडत."

अशी मी माझ्या परीक्षेच्या दिवशी पेशंटांच्या रांगेत तरटावर बसले. माझा गुडघा हलत होता. आईनं त्यावर हात दाबून ठेवला. परीक्षक सरांबरोबर एकेक वळण घेत आले, शेवटच्या कप्प्यात पोचले आणि त्यांनी विचारलं, "विद्यार्थिनी कुठं आहे?"

सरांनी रांगेकडे बोट दाखवलं. मी उठायला गेले तर आईनं खाली ओढलं. "नंबर जाईल."

"मॉडेलमध्ये पायऱ्या होत्या," परीक्षक उभ्यानंच म्हणाले.

"काढल्या. बायका चढत न्हवत्या." पुस्तकी मराठी मला ऐनवेळी सोडून गेली होती.

"आणि फळ्यांच्या मागची ती फट? तिथून माणूस सटकू शकतो."

"चूक झाली, सर. पण आज बंद केली."

"सोता हुबी ऱ्हाऊन," आईनं पुरवणी जोडली. सरांनी मान वळवून हसू लपवलं. परीक्षक मात्र हसले नाहीत. कागदावर काहीतरी लिहीत ते शेवटच्या चित्रापाशी जाऊन उभे राहिले.

आईचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावली. जोरात श्वास घ्या, म्हणाल्या. आईनं घेतला, तो मधेच अडला. पुन्हा घेतला, पुन्हा अडला. मी डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठी बघत होते आणि माझाच जीव वरखाली होत होता.

"छातीचा फोटो काढायला लागेल," त्या म्हणाल्या. "औषध लगेच सुरू करू. पण त्या धुळीत बसलात तर औषधाचा उपयोग नाही. काम कधी सोडणार?"

आईनं त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. पदर सावरून ती चित्रापाशी उभ्या असलेल्या परीक्षकांकडे वळली.

"सायेब, माजी पोरगी पास हाय का? न्हाय, डॉक्टरीनबाई इचारत्यात, काम कवा सोडनार म्हून."

सर लगबगीनं पुढं आले. "बाई, असं विचारायचं नसतं. निकाल लागतो तेव्हा…"

परीक्षकांनी हातानं त्यांना थांबवलं. हातातल्या कागदाकडे थोडा वेळ बघितलं, पेनाला टोपण लावलं. मग आईला म्हणाले, "उद्यापासून जाऊ नका."

आईनं मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी दिलेली चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि बाहेरच्या दारानं सरळ रस्त्याला लागली.  हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. मी दाराकडे पळाले, बायकांच्या पायांखालून ते निळ्या ठिगळाचं तरट ओढून काढलं, झटकलं आणि रस्त्यावर तिला गाठलं.

"आई, तुझं तरट ऱ्हायलं."

तिनं त्या ठिगळावरून एकदा बोट फिरवलं.

"ठेव जा परत दारात," ती म्हणाली. "मला आता कशाला पायजे?"