अकरा सेकंदांसाठी दोन डिस्क

तीस वर्षं नाटकाच्या विंगेत उभं राहून ज्यांनी पत्रा हलवून ढग गडगडवले, त्यांना सगळे गडगडाटकाका म्हणत. काय तो कडकडाट! पहिल्या रांगेतली मंडळी छत्री चाचपायची. काका निवृत्त झाले तेव्हा कपाटभर टेपा घरी आल्या. घोड्यांच्या टापा, दाराची करकर, तान्ह्याचं रडणं, सगळं त्यांत होतं. आता टेपाही थकल्या होत्या. लावल्या की तपकिरी भुकटी गळायची. आवाज डिस्कवर उतरवले नाहीत, तर वर्षभरात सगळ्याचा भुसा होणार होता.

काका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन डिस्क पुढे ठेवल्या. एक स्वस्त आणि ऐसपैस. दुसरी इवलीशी, किंमत चौपट, पण टिकाऊ.

“स्वस्तातली बिघडली तर?” काकांनी विचारलं.

“दोन वर्षांची वॉरंटी आहे. नवी कोरी देऊ.”

“आणि माझा गडगडाट?”

“तो तुमचा तुम्ही आणायचा, काका.”

“महागडी तरी बिघडत नाही ना?”

“बिघडते की! जरा उशिरा. म्हणून शहाणी माणसं दोन घेतात.”

काका तोंड पाडून घरी आले. बायकोनं सगळं ऐकून पेन्सिल उचलली. “जो आवाज पुन्हा मिळेल तो स्वस्तातल्या डिस्कवर. वाचा यादी.”

“दाराची करकर?”

“आपलं न्हाणीघर आहे. पुढे.”

“घोरणं?”

“हे मला विचारताय?”

“तान्ह्याचं रडणं?”

“लेकीला सातवा महिना लागलाय. जरा दम धरा.”

असं करत अख्खं कपाट स्वस्तात निघालं. राहिली शेवटची टेप. “शांतता,” काकांनी वाचलं. “अकरा सेकंद.”

“शांततेला कसली डिस्क? तुम्ही गप्प बसा, झाली शांतता.”

काकांनी गप्प बसून टेप लावली. नायिका शेवटचं वाक्य बोलून थांबते आणि टाळ्या पडण्याआधी नऊशे माणसं श्वास रोखून धरतात, ती ही शांतता. बायको मान तिरकी करून ऐकत राहिली.

“कुणीतरी खोकला दाबतंय,” ती म्हणाली. “अहो, ही तर भरलेली आहे!”

“ती नऊशे माणसं आता कुठून गोळा करू?”

“महागडी घ्या,” बायको म्हणाली. “दोन घ्या.”

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं टेपयंत्र कॉम्प्युटरला जोडलं. “यात अख्खं ग्रंथालय मावेल, काका, आणि तुम्ही ठेवताय अकरा सेकंद.”

काकांनी विंगेतल्यासारखा हात वर केला. “कुणी हलायचं नाही! पंखा बंद!”

“अहो, वायर लावलीय. दुकानातला आवाज यात जात नाही.”

“श्श्!”

पंखा थांबला. दुकानदारानं फोन उशीखाली दाबावा तसा मांडीखाली दाबला. प्रिंटरची शाई घ्यायला आलेल्या बाई उंबऱ्यावर एक पाय उचलून तशाच थबकल्या. अकरा सेकंद कुणी श्वास घेतला नाही.

“झालं,” दुकानदार कुजबुजला. “दुसरीवर याचीच कॉपी टाकतो. क्षणाचं काम.”

“नकलेची नक्कल? छे! टेपवरूनच घ्या.”

“भुकटी गळतेय, काका. टेप अजून एकदा तग धरेल का?”

“हळू बोला. घाबरेल ती.”

काकांचा हात पुन्हा वर गेला. उंबऱ्यावरच्या बाईंनी पाय बदलला आणि छातीभर श्वास घेऊन ठेवला.