आधी बस, मग निरोप

निरोपमामांच्या टाचांची मला किळस यायची. भेगाळलेल्या, काळ्या, आणि भर उन्हात सायकल हाणून आल्यामुळे घामाने चिकट. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत नवाकोरा सोफा आला आणि त्यावर पहिली मांडी ठोकली ती ह्यांनी. आईने दिलेला तांब्या रिकामा होईपर्यंत घटाघट आवाज चालायचा. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचो.

मामा कोणाचेच मामा नव्हते. शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणाचं बाळंतपण, कोणाचं दुखणं, कोणाची मयत, हे घरोघर जाऊन सांगायचं काम पाळकसाहेबांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. पण दारात उभ्या उभ्या सांगून मोकळे होतील तर शपथ! आधी पाणी, मग आज भाजी काय केलीये, मग घरात कोण कोण आहे. ऐकणारा बसल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत, आणि सांगून झालं की उत्तर घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. तोवर आमची निम्मी संध्याकाळ गेलेली असायची.

लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांनी आम्हाला एकच गोष्ट शंभरदा सांगितली. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या मंडळ्यांच्या काळी गरिबाच्या पत्राला टपाल नव्हतं. प्रेषितांची पत्रं, कित्येकदा तुरुंगातून लिहिलेली, माणसंच न्यायची, कधी पायी, कधी गलबतातून. "पत्र नेणाऱ्याला ते हातात ठेवून पळता येत नव्हतं," मामा म्हणायचे. "वाचून दाखवायचं. मग लोक विचारणार, लिहिणारा बरा आहे का, तुरुंगात जेवायला मिळतं का, ह्या ओळीचा अर्थ काय. सगळ्यांचं विचारून होईपर्यंत तिथंच राहायचं." आम्ही जांभया द्यायचो.

पुढे मी इंजिनियर झालो, हिंजवडीला लागलो, बुधवार पेठेतून मोबाइल घेतला आणि भलताच शहाणा झालो. चर्चच्या पंचांच्या बैठकीत म्हटलं, सगळ्या मंडळीचे नंबर द्या, एक बटण दाबलं की बातमी घरोघर. पंच खूश. मामांनी एवढंच विचारलं, "माणूस बसलाय की उभा आहे, हे त्याला कळतं का?"

मी म्हटलं, "मामा, बसायचं की नाही ते ज्याचं तो बघेल." सगळे हसले. त्या दिवशी मी स्वतःवर किती खूश होतो, ते आठवलं की अजून तोंड कडू होतं.

येरवड्याच्या रूथबाईंचा नंबर यादीत मीच घातला. विधवा बाई. एकुलता एक सुधीर एका कंपनीची गाडी चालवायचा, त्यानेच त्यांना फोन घेऊन दिला होता. एका सकाळी हायवेवर सुधीरची गाडी उलटली आणि तो जागीच गेला. पाळकसाहेबांनी मामांना येरवड्याला धाडलं आणि मला फोन करून सांगितलं, मंडळीला कळव. मी कळवलं. अख्ख्या यादीला. यादीत त्याची आईही आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रूथबाई तेव्हा पिठाच्या गिरणीत रांगेत उभ्या होत्या. मराठी त्या वाचायच्या, पण माझा एसेमेस इंग्रजी अक्षरांत. यादीवरून गेलेला हा पहिलाच निरोप; तोवर त्यांना मेसेज करणारा एकटा सुधीर. त्याचाच असणार म्हणून हसत हसत त्यांनी फोन गिरणीवाल्यापुढे धरला, वाच रे जरा. गिरणीच्या घरघरीत ऐकू जावं म्हणून तो ओरडून, अक्षर लावत लावत वाचत गेला. 'बंधू सुधीर आज सकाळी प्रभूमध्ये निजले. माती चार वाजता.' मामा सायकलवरून पोचले तेव्हा त्या खाली सांडलेल्या पिठात बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्याकडे आले. पाणी मागितलं नाही. न सांगता मीच बसलो.

"रूथबाई विचारतायत, हा निरोप पाठवला कोणी," ते म्हणाले. "मी म्हणालो, मंडळीने. नाव नाही घेतलं."

मी म्हटलं, मामा, माझ्या वतीने त्यांची माफी मागा.

ते उठले. "आजवर कोणाचा निरोप नाकारला नाही मी. हा नेणार नाही. तू जा."

मी गेलो नाही. नारायण पेठेतून येरवडा असं किती लांब? पण पाय उचलेना. मी भेकड. तिसऱ्या दिवशी एसेमेस केला. हे लिहितानाही स्वतःची शिसारी येते.

मामा पुन्हा आमच्या सोफ्यावर बसले नाहीत. काही वर्षांनी ते गेले, ते मला मोबाइलवरच कळलं, ऑफिसच्या कँटीनमध्ये हातात ताट घेऊन उभा असताना. त्यांच्या मातीला रूथबाई आल्या होत्या. मी तोंड चुकवत होतो. त्यांनीच हाक मारली.

"तो माफीचा मेसेज तुझा ना रे बाबा?" त्या म्हणाल्या. "मिळाला होता हो. त्याच गिरणीवाल्याकडून वाचून घेतला."